नजरचूक नव्हती

आमच्या भागातल्या लग्नपत्रिकेवर अगदी तळाला एक ओळ असते: 'नजरचुकीने कोणास पत्रिका मिळाली नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.' अपराध घडायच्या आधीच त्याची माफी छापून मोकळे होणारे लोक आणखी कुठे असतील तर मला माहीत नाही. ही ओळ मी हजारदा वाचली असेल. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि दुसऱ्या महिन्यापासून गावाचा बिनपगारी मुद्रितशोधक झालो. आमचं गाव बेलापूरजवळ. आसपास कुठेही लग्न ठरलं की घरातला एखादा माणूस कच्ची छापील प्रत घेऊन माझ्या ओट्यावर येतो. "सर, नुसती नजर टाका."

मी नजर टाकतो. वर गणपती, त्याखाली वधूवरांची नावं, आणि मग उरलेल्या तीन बाजूंनी निमंत्रकांची यादी. आजी-माजी पदाधिकारी, सोसायटीचे चेअरमन, चेअरमन होता होता राहिलेले, भावकी, भावकीतले रुसू शकणारे. नवरीमुलीचं नाव या गर्दीत मांडवातल्या मुलासारखं हरवून जातं. माझ्या हातात तांबडं पेन असतं, पण यादीला हात लावायची परवानगी मला नसते. तिथे वेलांटी दुरुस्त करता येते, माणूस नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, आणि पहिल्यांदा एक पत्रिका पूर्णपणे माझ्या ताब्यात आली. माझ्या मेहुण्याने रिवाजाप्रमाणे यादी करून छापखान्यात दिलेली होती. एकावन्न नावं. मी वरपासून खालपर्यंत एक उभी तांबडी रेघ ओढली.

छापखान्याचे मालक माझ्याच वयाचे. त्यांनी चष्मा वर केला. "सर, सगळी?"

"सगळी. लग्न आहे, मतदारयादी नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. इतकं की पुढच्या पंधरा दिवसांत मी ते पारावर, वाचनालयात, दूध केंद्रावर, जिथे माणूस उभा दिसेल तिथे ऐकवलं. लोक हसायचे. आपण काहीतरी करून दाखवलं असं मला वाटायचं.

यादीतलं पहिलं नाव दादाचं होतं. दादा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि आता आमच्या भावकीत सगळ्यात वडील. माझे वडील लवकर गेले, तेव्हा आमच्या वाट्याची शेतीही त्यानेच ओढली. तो म्हणतो, "मास्तरला माझ्या बैलांनी शिकवलं." ते खरं आहे. बैलांच्या मानाने माझी प्रगती बरी झाली.

आमच्याकडे पत्रिका वाटायचं काम भावकीतल्या थोरल्याचं असतं. हळदकुंकू लावून ती घरोघर हातात द्यायची. पोस्टाने आलेली पत्रिका लोक धरत नाहीत, मोबाईलवर आलेली तर मुळीच नाही. तेव्हा पत्रिका छापून आल्या तसा मी गठ्ठा दादाकडे पोचवला. त्याने वरची पत्रिका उघडली, पाहिली, मिटली आणि म्हणाला, "बरं."

पत्रिका त्याने वाटल्या. लग्नाला मात्र तो आला नाही. वहिनी आल्या, घरच्या बाईने करायचं ते सगळं त्यांनी केलं आणि अक्षता पडल्यावर न जेवता निघून गेल्या. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलला नव्हता. सकाळी दूध केंद्रावर आम्ही समोरासमोर यायचो आणि तो आपल्या किटलीकडे असं बघायचा की मी किटलीतलंच काहीतरी आहे.

या वैशाखात धाकटीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरीला आहे. दादाला ती नाना म्हणते; सायकल तिला त्याने शिकवली, मी सायकल या विषयावरचा निबंध शिकवला. फोनवर तिने सरळ सांगितलं, "बाबा, नाना मांडवात नसतील तर मी इथेच नोंदणी करून लग्न करते. तुम्हाला तसाही साधेपणा आवडतो."

ही मुलगी माझीच आहे याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. त्या दिवशी उरलीसुरलीही फिटली.

म्हणजे आता दादाकडे जाऊन बोलणं भाग होतं. काय बोलायचं? मी शब्दांवर पोट भरलेला माणूस, म्हणून आधी शब्द शोधायला बसलो. दुसरा कोणी आधी चपला घालून निघाला असता.

'दिलगिरी' पहिली आठवली. शब्द फारसीतून आलेला. दिल म्हणजे काळीज आणि गीर म्हणजे धरलेलं. ज्याचं काळीज कशाने तरी मुठीत आवळलंय तो दिलगीर. केवढा जिवंत शब्द, आणि आपण त्याचं काय केलं? वीज जाणार असली की दिलगिरी, रस्ता खोदला की दिलगिरी, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले की त्यांच्या वतीने सूत्रसंचालकाची दिलगिरी. त्या मुठीतून काळीज कधीच निसटलं, नुसती मूठ राहिली. तो कागद फाडला.

'माफी' अरबीतून आली. तिच्या मुळाशी पुसून टाकण्याचा, सोडून देण्याचा अर्थ आहे. आपल्याकडे ती महसूल कचेरीतून चालत आली असावी, असं तिच्या चालीवरून वाटतं: सारा माफ, दंड माफ. माफी मागायची म्हणजे दादाला कचेरीत बसवायचं आणि आपण अर्ज घेऊन उभं राहायचं. अर्जाला आवक क्रमांकही लागेल. दुसरा कागद फाडला.

'क्षमा' संस्कृत. क्षम् म्हणजे सोसणं. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, ती सगळ्यांना सोसते म्हणून. म्हणजे क्षमा मागणं याचा अर्थ, दादा, आजवर सोसलंस तसं आणखी थोडं सोस. माझ्या वाट्याचंही औत ज्याने हाकलं, त्याला हे लिहायला हात धजेना.

राहिला पश्चात्ताप. पश्चात् म्हणजे मागाहून. ताप म्हणजे तापणं, भाजणं. तप, तपश्चर्या, उन्हाचा ताप ही सगळी एकाच घरची. प्राकृतातून येता येता त्याची जोडाक्षरं झिजली आणि त्याचा पस्तावा झाला. तो खेड्यात राहिला, आणि मोठा भाऊ भाषणांत गेला. या शब्दावर माझा विश्वास होता. त्याच्यात दिखावा नाही. दिलगिरी व्यक्त करता येते, माफी मागता येते, पश्चात्ताप आपल्याला होतो. तो स्टेजवर करता येत नाही.

पण पत्र लिहिता लिहिता दुसरी गोष्ट लक्षात आली आणि पेन थांबलं. या शब्दात वेळ आहे, उष्णता आहे. ज्याचं मन मोडलं तो माणूस कुठेच नाही. भाजतोय मी, तेही मागाहून, आणि सगळं लक्ष माझ्याच पोळण्याकडे. इतका जुना, इतका गंभीर शब्द, आणि शेवटी तोही स्वतःपुरताच. मी चिडून कोश मिटला. चार दिवसांत चार शब्द तपासून माझ्याकडे एकही ओळ नव्हती.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, जितके दिवस कोशात घालवलेत तितक्या वेळा भाऊजींच्या घरी जाऊन आला असता."

"पण काय म्हणायचं ते तर ठरू दे."

"सगळे सांगतायत ना, नजरचूक झाली म्हणा. पत्रिकेवर छापलेलंच असतं."

इथे एक गोष्ट लिहून टाकतो, कारण ती मी तिलाही सांगितली नव्हती. नजरचूक नव्हती. रेघ ओढायच्या आधी दादाचं नाव मी वाचलं होतं. पेन तिथे क्षणभर थांबलंही होतं. मग मनात आलं, हे एक ठेवलं तर दुसरं ठेवावं लागेल, दुसरं ठेवलं की पन्नास येतील, आणि माझं ते सुंदर वाक्य वाया जाईल. वाक्य वाचवलं. थाटमाटाला मी आयुष्यभर हसलो, आणि माझा स्वतःचा थाट त्या तांबड्या रेघेत होता हे मला तीन वर्षं दिसलं नाही. दिसलं असेल तर मी चष्मा काढून ठेवला.

एवढ्यात गावातल्या एका हौशी पुढाऱ्याला आमच्या अबोल्याची बातमी नव्याने लागली. भांडणं मिटवायची त्यांना आवड आहे. भांडण मिटतं की नाही ठाऊक नाही, पण कार्यक्रम चांगला होतो. ते ओट्यावर आले आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर फ्लेक्सचा नमुना होता: 'मनोमिलन सोहळा'. वर नऊ मान्यवरांचे हात जोडलेले फोटो. खाली कोपऱ्यात, हरवल्याच्या जाहिरातीत असतात तेवढे, मी आणि दादा.

"सर, तुम्ही फक्त दिलगिरी व्यक्त करायची. दोन मिनिटं. मग शाल, नारळ, फेटे. साउंड आपला."

"आणि दादा?"

"ते मोठ्या मनाने स्वीकारतील."

"कबूल झालाय तो?"

"अजून विचारलं नाही. पण एवढा फ्लेक्स लागल्यावर माणूस नाही कसा म्हणेल? तुम्ही तेवढी नजर टाका, काही शुद्धलेखन असेल तर."

मी तीन चुका काढून दिल्या आणि त्यानंतर नाही म्हणालो. क्रम चुकला. ते खूश होऊन गेले आणि नकार त्यांनी विनय समजून खिशात घातला. आता फ्लेक्स लागायच्या आत पोचणं गरजेचं होतं. पंधरा वर्षं न वापरलेली घाई अंगात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या मळ्यात गेलो.

दादा आणि वहिनी कांद्याच्या चाळीत होते. काढलेला कांदा साठवायची बांबूच्या फटींची ती लांबट शेड. दोघं बसून नासलेला कांदा वेगळा काढत होते. मी उपड्या क्रेटवर बसलो. दादाने वर पाहिलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "मला पश्चात्ताप झालाय. दिलगिरी मी म्हणत नाही, कारण तो शब्द आता गुळगुळीत झालाय. पश्चात्ताप म्हणजे कसं आहे, पश्चात् म्हणजे..."

माझा आवाज मलाच ऐकू आला. आठवी ब, मधल्या सुटीनंतरचा तास.

वहिनी कांद्याची वाळकी पात मोडत म्हणाल्या, "भाऊजी, पाट देऊ का बसायला? तास लांबन असं दिसतंय."

दादाने एक कांदा दाबून पाहिला, वास घेतला आणि बाहेर फेकला. तीन वर्षांनी त्याचा आवाज ऐकला तो असा: "सरळ सांग की काय सांगायचंय ते."

"तुझं नाव. पत्रिकेवरचं. ते मी..."

"नाव?" त्याने आता वर पाहिलं. "नाव नव्हतं म्हनून म्या आलो न्हाई, असं वाटतंय तुला? आरं, नाव काय चाटायचंय का मला?"

"मग?"

"ऐंशी घरं केली म्या तुझ्या पत्रिकेची. भर वैशाखात, फटफटीवर. राजूरला आत्याकडं गेल्तो, सुप्याला भाचीकडं गेल्तो. परत्येक घरात पत्रिका उघडली का लोक पयलं माझं नाव हुडकायचे. 'दादा, तुमचं नाव दिसंना कुटं?' आता काय सांगू? म्हनायचो, नजरचुकीनं ऱ्हायलं. मास्तर घाईत हुता. छापखान्यात घोळ झाला. ऐंशी घरात, मास्तर. तुझी लाज जाऊ नये म्हनून."

त्याने पुढचा कांदा उचलला.

"अन् तू हिकडं पारावर सांगत हुता, सगळी मुद्दाम छाटली म्हनून. लगनाच्या आदल्या दिशी भाचीचा फोन आला. 'मामा, तुमी तर नजरचूक म्हनला, अन् मास्तरमामा तर मुद्दाम काढलं म्हनून सांगत्यात.' ऐंशी घरं, अन् ऐंशीच्या ऐंशी घरात म्या खोटा. तीच समदी मांडवात येनार हुती. कोनत्या तोंडानं हुबा राहू?"

"आता मी पहिलं नाव तुझं टाकतो. ठळक. छापखान्यात आजच..."

"टाकू नगं."

"दादा..."

"माझं टाकू नगं अन् कुनाचंच टाकू नगं. ती पत्रिका चांगली हुती. वाचाया येत हुती." त्याने हात झटकले. "म्याच म्हनलो असतो, काढ समदी. पर इचारायचंस की, बाबा. मळ्यापतूर आला असता तर पाय झिजला असता का?"

हे ऐकून मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. कुणाचा संताप, ते वेगळं सांगायला नको. तत्त्व माझं बरोबर होतं, माणूसही माझ्या बाजूचा होता, आणि दोघांच्या मध्ये अर्ध्या मैलाची पायवाट होती.

"मग आता काय करू?"

"पत्रिका तू वाट. ऐंशी घरं. लोक इचारतील. काय सांगायचं ते तूच सांग."

वहिनींनी आत जाऊन भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान आणलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांच्या हातची घरांची यादी होती. एवढी वर्षं ती त्यांनी टाकली नव्हती.

फ्लेक्सवाल्यांना मी त्याच दिवशी कळवलं की सोहळ्याच्या दिवशी भांडणातले दोघेही गावात नसतील. नव्या पत्रिका आल्या. वर गणपती, खाली मुलगा-मुलगी, दोघांचे आईवडील, वेळ, ठिकाण. नजरचुकीची ती शेवटची ओळसुद्धा काढली. छापखान्याच्या मालकांनी या वेळी चष्मा वर केला नाही.

मी वाक्य तयार केलं होतं: 'मागच्या वेळी दादाचं नाव मी मुद्दाम काढलं होतं. तो नजरचूक म्हणाला, ते मला सांभाळायला. खोटा तो नाही, मी आहे.' पाठ म्हणून पाहिलं. त्यात कोणताच भारी शब्द नव्हता, आणि उच्चारायला ते मला पश्चात्तापापेक्षा कितीतरी जड गेलं.

पहिल्या घरी यजमानांनी पत्रिका उघडली, बोट फिरवलं, आणि विचारलं. मी 'मुद्दाम काढलं होतं' इथपर्यंत आलो असेन. "जाऊ द्या हो सर, जुनं झालं ते. चहा घ्या." मी म्हणालो, माझं ऐकून तर घ्या. "ऐकलं की. अगं, चहा टाक."

दुसऱ्या घरी तेच. सातव्या घरी एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बरोबर केलं होतंत सर तुम्ही. अशी हिंमत पाहिजे." मी सांगतोय काय, हे कौतुक कसलं करतायत? ज्यांचं काही बिघडलं नव्हतं ते सगळे मला सोडून द्यायला उतावीळ झालेले. वाक्य पूर्ण करू देणारं घर दहात एखादं. बाकी ठिकाणी मी उठता उठता, चपला घालता घालता, उंबऱ्यावर उभं राहून उरलेलं वाक्य पोचवलं. कुत्रीसुद्धा ऐकून घेईनात.

सुप्याच्या भाचीकडे मात्र तसं झालं नाही. ती तिथल्या कारखान्यात कामाला आहे. पाळी संपवून नुकतीच आली होती. तिने पूर्ण ऐकलं. चहाचं नाव काढलं नाही.

"मास्तरमामा," ती म्हणाली, "लेकीकडं पुण्याला महिन्याला जाता ना तुम्ही? याच रस्त्याने?"

"हो."

"तीन वर्षं. म्हणजे किती वेळा गेला असाल माझ्या दारावरून."

मी आकडा काढला नाही. परत येताना एसटीत खिडकीकडे बसलो आणि ते वाक्य घरापर्यंत पुरलं.

शेवटचं घर राजूरचं. आत्या नव्वदीकडे आलेली, पण कान-डोळे शाबूत. डोंगरातल्या गावांचा बाजार होता त्या दिवशी. ती ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना नावं ठेवत होती. माझं सगळं ऐकून तिने पत्रिका मांडीखाली सारली.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. "त्यानं चहा न्हाई घेतला. म्हनला, घाई हाय. राजूरला येऊन कुनाला घाई असती रं?"

मला ते तेव्हा नीटसं उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरचं पान घेऊन दादाकडे गेलो. प्रत्येक घरापुढे मी खूण केली होती, सवय. त्याने पान हातात घेतलं, पण खुणा पाहिल्या नाहीत.

"सांगितलं समद्यांना?"

"सांगितलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं नाही."

"काय म्हनले?"

"चहा घ्या म्हणाले."

"मला बी तेच म्हनले हुते." त्याने पान घडी घालून खिशात ठेवलं. "तू पेलास?"

"काही ठिकाणी. सगळीकडे कसा पिणार?"

"म्या एका बी घरात न्हाई पेलो. खोटं बोलून झालं का घशाखाली उतरायचा न्हाई."

मी चार दिवस कोशात शोधत होतो ती गोष्ट ही होती, आणि माझ्या वाट्याची ती दादाने ऐंशी घरं भोगली होती. मला त्यावर काहीतरी म्हणावंसं वाटलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी एक कांदा उचलून दाबून पाहिला.

त्यांनी चहाचे दोन कप आणून क्रेटवर ठेवले. दादाने आपला बशीत ओतला.

"मांडव कोनत्या दिशी हाय?"

"बुधवारी."

"मंगळवारी येतो," तो म्हणाला. "तुला मांडवाला डहाळं बी तोडता येनार न्हाईत धड."